ब्रेक मारायची काठी

एखाद्या खेळात जेमतेम हात बसला की माणसाने तिथेच समाधान मानावं. स्वतःची काठी घ्यायच्या भानगडीत पडू नये. मी पडलो.

त्या साली चौसाळ्याच्या आमच्या दूध संस्थेत दूधच येत नव्हतं. पाऊस नाही, चारा नाही, निम्मी जनावरं छावणीत. मी संस्थेचा क्लार्क. सकाळचं जे काही दोन कॅन दूध यायचं त्याची नोंद केली की दिवसभर पंख्याकडे बघत बसायचं. (वीज नसली की पंखाही आमच्याकडे बघत बसायचा.) अशा रिकामपणी संस्थेचा सचिव बंकट मला हायवेवरच्या ढाब्यावर घेऊन गेला. तिथे मागच्या शेडात मालकाने पूलचं टेबल मांडलं होतं. दोन महिन्यांत मी चारातला एक बॉल भोकात पाडायला लागलो आणि स्वतःला खेळाडू समजायला लागलो. त्यातच तालुक्यातल्या सहकारी संस्थांच्या कर्मचाऱ्यांची पूलची स्पर्धा ठरली. रविवारी, त्याच टेबलावर.

"त्रिंबकराव, बाकी खेळ बरा हाय तुमचा," बंकट म्हणाला, "पण ब्रेक लई लेचापेचा हाय."

ब्रेक म्हणजे पहिला दणका. पंधरा बॉल त्रिकोणात रचलेले असतात, ते पांढऱ्या बॉलने फोडायचे. या एका दणक्यासाठी जाणकार लोक वेगळी काठी ठेवतात, टणक टोकाची. बंकटच्या मेहुण्याचं बीडला खेळाच्या सामानाचं दुकान. बंकटने तिथून दोन काठ्या आणल्या, एक जड, एक हलकी. "घरी मारून बघा. हाताला बसंल ती ठिवा, दुसरी वापस करू."

घरी आल्यावर विमलने, म्हणजे आमच्या मंडळींनी, त्या बघितल्या.

"हे काय आनलं?"

"ब्रेकची काठी."

तिने अंगणातल्या मोटारसायकलकडे बघितलं. "ब्रेकला काठी लागती व्हय आता?"

"गाडीची न्हाई गं. खेळातली. हिनं फक्त पहिला फटका मारायचा."

"आन् मंग?"

"मंग दुसऱ्या काठीनं खेळायचं."

"त्या दुसरीनं पहिला फटका बसत न्हाई?"

"बसतो. पण हिनं जोरात बसतो."

"मंग ह्या दोन कावून?"

"यातली एक निवडायची हाय."

"म्हंजी एका फटक्यासाठी एक काठी, आन् ती निवडायला दोन." ती आत जाता जाता म्हणाली, "मी भाकरीचा पहिला थापा मारायला येगळा हात आनते का?"

मी दोन्ही काठ्या दाराआड उभ्या केल्या.

गुरुवारी ती दळणाला गेलेली बघून मी निवड करायला घेतली. घरात पूलचं टेबल नाही, पण स्वयंपाकघरात जेवायचं टेबल आहे. बॉल नाहीत, पण कांदे होते. पंधरा लाल कांदे त्रिकोणात मांडले. पांढऱ्या बॉलच्या जागी पांढरा कांदा. आधी हलकी काठी. कांदे थोडे कुरकुरले आणि जागच्या जागी राहिले. मग जड काठी घेतली. बंकटने सांगितलं होतं, ताकद पुढे नसते, मागे असते, काठी भरपूर मागे ओढायची. मी भरपूर मागे ओढली.

माझ्या मागे पाण्याचा ड्रम होता.

हा साधा ड्रम नव्हता. टँकर आठवड्यातून एकदा, मंगळवारी यायचा. विमलने दोन तास रांगेत उभं राहून, शेजारच्या भिवराबाईंशी दोनदा भांडून तो भरला होता. काठीचं जाड बूड ड्रमच्या तोटीवर बसलं, तोटी मुळापासून तुटली आणि आठवड्याचं पाणी धार धरून माझ्या पायांवर यायला लागलं. पांढरा कांदा मात्र होता तिथेच होता.

मी भोकावर अंगठा धरला. भोक अंगठ्यापेक्षा मोठं निघालं. मग तळहात धरला. पाणी बोटांच्या फटींतून, कोपरावरून, बनियनमधून जायला लागलं. हात काढता येईना, बादलीपर्यंत पाय पुरेना. अशा अवस्थेत मी किती वेळ होतो माहीत नाही, पण विमल दळण घेऊन आली तेव्हा ड्रम निम्मा झाला होता.

तिने पीठ खाली ठेवलं, खाली पडलेली जड काठी उचलली, बारीक टोकाला फडकं गुंडाळलं, माझा हात बाजूला केला आणि काठी भोकात खुपसून अशी पिळली, की पाणी जागच्या जागी थांबलं.

पण काठी जड. बाहेरचा भाग खाली झुकला आणि थेंब गळायला लागले.

"ती दुसरी आना," ती म्हणाली.

मी हलकी काठी आणली. ती मधे आट्यावर उघडते, हेही मीच दाखवलं. (माझं एवढंच सहकार्य.) तिचा अर्धा तुकडा विमलने खालून तिरका टेकू लावला. गळती बंद.

संध्याकाळी बंकट आला. "काय मंग, कंची ठिवायची?"

"दोनी लागत्यात," विमल आतून म्हणाली. "मंगळवारपत्तर कुनी हात लावायचा न्हाई."

बंकट आत जाऊन बघून आला. मग म्हणाला, "मेव्हण्याला काय सांगू बे?" आम्ही लहानपणापासूनचे मित्र, पण 'बे' वर तो फक्त संकटात येतो.

भिवराबाई भांडण विसरून बघायला आल्या. तीन गल्ल्यांतल्या बायका आल्या. एकीने तर काठी कुठल्या लाकडाची म्हणून विचारलं. मला उरलेल्या पाण्यात आंघोळ बंद झाली होती, म्हणून मी दारात उभा राहून लांबूनच माहिती देत होतो.

रविवारी तसाच, अंगाला पावडर लावून, ढाब्यावर गेलो. समोर पतसंस्थेचा बिभीषण. वसुलीचा माणूस, बोलणं नाही, हसणं नाही. एकच डाव, हरला तो बाहेर. मी ढाब्याचीच वाकडी काठी घेऊन मनात म्हटलं, आज ब्रेक दाखवतोच. नाणं उडवलं. मी छापा म्हणालो. काटा पडला.

ब्रेक बिभीषणने मारला. एक बॉल पडला. मग दुसरा. मी खुर्चीत बसून तिसरा, चौथा असं बघत गेलो. त्याने शेवटचा काळा बॉल पाडला, तेव्हा मी काठीच्या टोकाला खडू लावत होतो.

घरी आलो. विमल पितळी भगुण्यात पाणी मोजून ओतत होती.

"कसं झालं?"

"एकबी फटका चुकला न्हाई," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मारले किती?"

मी खरं ते सांगितलं. तिने भगुण्यावर ताट झाकलं.

"हे तर घरी बसूनबी झालं असतं," ती म्हणाली.