सुधाकरराव मॅनेजरांनी तोंड मिटले त्याची हकीकत

आदिलाबाद जिल्ह्यात मावल्यानजीक कापसाची जिनिंग आहे. तेथील मॅनेजर राजमान्य राजेश्री सुधाकरराव, हजेरीबुकाचे धनी, यांनी भर दिवसा सोळा मिनिटे आपले तोंड बंद राखिले, ते कैसे घडले याची ही हकीकत. ऐसा पराक्रम त्यांजकडून पूर्वी जाहला नव्हता, हे त्यांच्या कुटुंबाकडून खातरजमा करूनच लिहिले असे.

साहेबांचा रिवाज ऐसा की, शेतकऱ्याची गाडी लागताच मूठभर कापूस दाबावा आणि ओलावा किती ते तेव्हाच सांगावे. तोच रिवाज त्यांनी माणसांस लाविला. कोणी दोन शब्द बोलिला की साहेबांनी दुखणे ओळखावे, आणि इलाज फर्मावावा, आणि माणूस वाटेस लावावा.

मग ऐन हंगामाच्या तोंडावर, एकोणीस वर्षे वजनकाटा राखणारा कारकून, सरदार रविकांत याने राजीनामा ठेविला. तो गेला तर गाड्यांची रांग पार इचोडा गावास भिडेल हे जाणून मालक भगवंतराव शेठ खवळले, आणि हुकूम सादर जाहला की, रविकांत राहिला तरच तुम्ही राहाल, सबब माणसांचे ऐकावे कैसे ते शिकून यावे.

मग साहेब वही आणि दोन पेन ऐशा सरंजामानिशी शहरातील हॉटेलात एक दिवसाच्या प्रशिक्षणास कूच करून गेले. तेथे नागपूरच्या समुपदेशक मीनल मॅडम यांचे फर्मान निघाले की, समोरचा बोलत असता सल्ला देऊ नये, घड्याळ पाहू नये, फोन पालथा ठेवावा. सरावास जोडीदार मिळाले खत कंपनीचे उद्धवराव. ते झोप येत नाही इतकेच बोलिले, आणि चाळीस सेकंदांत साहेबांनी त्यांस जायफळ, पहाटेचे चालणे आणि निर्मल गावचा एक वैद्य बहाल केला. मॅडमनी कपाळास हात लाविला. मग साहेबांनी मनाशी मसलत केली आणि पुढील फेरीस अख्खी सुपारी दाढेत धरून बसले, तेणेंकरून अब्रू वाचली.

दुसरे दिवशी सुपारीनिशी केबिनीत ठाण मांडून रविकांतास पाचारण केले आणि बसावयास खुर्ची दिली. त्या केबिनीत कारकुनास खुर्ची मिळाल्याचे पाहून बाहेर टायपिंग थांबले.

रविकांत खाली पाहत म्हणाला, "साहेब, माह्या बायकोचं डायलिसिस चालू हाय. मंगळवारी न् शुक्रवारी, सकाळी सहाले. इथं येता येता बारा वाजतात, न् तुमी लेट लावता."

इलाज साहेबांच्या जिभेवर आला. त्यांनी सुपारी दाबिली. रविकांत थांबला, कोणी काही बोलेना हे पाहून चकित जाहला, आणि पुढे बोलिला की, परतताना बायको मथुराबाई ऑटोत खांद्यावर डोके टाकते आणि मग तिच्याकडे पाहण्याचे धैर्य होत नाही. "मले लय भ्या वाटते, साहेब," इतके म्हणून त्याने बाहीने डोळे पुसले. साहेबांनी सुपारी सोडिली नाही, ऐसी सोळा मिनिटे भरली. त्यांस खरोखर गलबलून आले.

मग सुपारी काढून साहेबांनी पुसले, "अरे, हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"चौथ्यांदा सांगून राह्यलो, साहेब. पहिल्या खेपेले तुमी जिऱ्याचं पाणी सांगितलं. दुसऱ्या खेपेले तिरुपतीले जाऊन ये म्हणले. तिसऱ्या खेपेले मी नुस्तं 'घरी' म्हणलं, तं तुमी म्हणले पगार वाढणार नाही."

साहेबांची मान खाली गेली. मग हुकूम लिहिला की, मंगळवारी आणि शुक्रवारी बारापर्यंत काट्यावर साहेब जातीने बसतील. लिहिण्यास अर्धे मिनिट लागले. राजीनामा रविकांताने स्वहस्ते फाडिला.

येणेप्रमाणे मावला मुक्कामी फत्ते जाहली. शेठजींनी साहेबांस शाल घातली, प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीस लाविले, आणि मोहिमेची नोंद दप्तरी करविली. शत्रू कोण होता, तो रकाना मात्र साहेबांच्या हुकुमाने कोरा ठेविला असे.