आभाळातून आलेला बोकड

स्पष्टच सांगतो. आभाळातून सामान टाकायचं आणि ते फुटू द्यायचं नाही, हे काम माझ्यासारखं कुणाला जमत नाही. बंडखोरांनी रस्ते धरले, फौज मूठमूठभर होऊन डोंगराडोंगरांवर विखुरली, आणि त्या सगळ्यांची पोटं माझ्या पॅकिंग शेडवर चालतात. अंडी टाकली आहेत मी विमानातून. एक फुटलं नाही. खुर्चीतल्या साहेबांना त्याचं काय? त्यांचं जेवण ढगातून येत नाही.

सगळ्यांत उंच चौकीवर माझा मेव्हणा आचारी आहे. डबाबंद मटण खाऊन खाऊन तिथली पोरं डबा दिसला की तोंड फिरवायची.

बायको म्हणाली, "अंड्यांच्या बढाया पुरे. माझ्या भावाला ताजं मटण पोचवा, मग मानते."

"ताजं कशाला, जिवंतच पोचवतो."

साहेबांनी मला वेड्यात काढलं. "बोकड मेला तर तू आणि तुझी पोती. विमानात परत पाय ठेवायचा नाही."

मी जुन्या लाल पॅराशूटला ठिगळं लावली, बोकडाच्या पोटाखालून रुंद पट्टे आवळले आणि दारातून स्वतः ढकलला. काय उतरला म्हणून सांगू! नवा जावई सासरी येतो तसा, सावकाश, इकडेतिकडे बघत.

संध्याकाळी वायरलेसवर मेव्हणा आला. "दाजी, पोचला. ठणठणीत आहे."

"मग कापा की."

"पोरं हात लावू देत नाहीत. म्हणतात, अख्ख्या चौकीत पॅराशूटने उतरलेला हा एकटाच. आपल्या सगळ्यांना सिनियर."

साहेब शेजारीच उभे होते. माझी मान ताठ, त्यांची खाली.

पुढच्या फेरीला चौकीवर घिरट्या घालतो, तर खाली खूणच नाही. सामान कुठे टाकायचं ते कळावं म्हणून जवान जमिनीवर पांढरं कापड पसरतात. ते दिसल्याशिवाय पायलट काडेपेटीसुद्धा टाकू देत नाही. जरा चुकलं की माल समोरच्या डोंगरावर, आणि बंडखोरांची चंगळ.

"कापड कुठंय?" पायलटने वायरलेसवर विचारलं.

मेव्हण्याचा आवाज एकदम बारीक. "सिनियरने खाल्लं."

"मग चादर पसरा."

"ती कालच खाल्ली. दाजी, उद्याला पीठ नाही हो."

"एक शेवटची घिरटी," पायलट म्हणाला, "मग मी परत."

मी माईक ओढला. "त्याचं पॅराशूट कुठंय? तेही खाल्लं?"

"नाही. तुमच्या दोऱ्याला मेण आहे, त्याला चव आवडत नाही. त्यावर झोपलाय. उठत नाही."

"मग त्याच्यासकट पसरा."

विमान वळलं. खाली लाल डाग, त्यावर माझी ठिगळं, आणि मधोमध सिनियर रवंथ करत बसलेले.

"टाका, चौकी आपलीच," मी पायलटला म्हणालो. "शिवण माझी आहे."

पीठ, तेल, औषधं, सगळं त्याच्या चारी बाजूंनी उतरलं. काही फुटलं नाही. तो जागचा हललासुद्धा नाही. पायलटने माझ्या पाठीवर थाप मारली. साहेबांनी मारली नाही, त्यांनी वरून हुकूम आणला: बोकडाने पुन्हा खुणेला तोंड लावू नये म्हणून उंच चौकीला दर फेरीत ओला चारा. वर माझ्या हातात विळा दिला. "तुझा माणूस आहे, तूच बघ."

घरी बायकोने विळा बघितला. "आणि माझा भाऊ काय खातो?"

"डबाबंद."

पण चारा असा बांधतो म्हणून सांगू, एक काडी मोडत नाही.