दुपारी दोनचं लष्करी इंजिन

इंजिनाची शिट्टी साडेतीन मिलिमीटर लांब होती. मी ती शाळेतल्या व्हर्नियरने मोजली. तिच्या टोकाला, उजेडात तिरकी धरली तरच दिसेल अशी, एक बारीक खाच होती. वाफ बाहेर पडायची खाच! ज्या इंजिनात जन्मात वाफ शिरणार नव्हती, त्याच्या शिट्टीलाही बनवणाऱ्याने खाच ठेवली होती. हा काटेकोरपणा मला इतका आवडला की मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "एकशे बेचाळीस तुकडे आहेत. रोज दहा जोडले तर पंधरा दिवसांत इंजिन उभं! गणित सोपं आहे."

मी बी.एस्सी. आहे आणि अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढची हकीकत ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

हे इंजिन म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यांचा एक खोका होता. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी आबेदा लग्न होऊन विलायतेला गेली. चौसष्ट सालच्या एप्रिलात तिने तो पाठवला. वर चित्र होतं : लढाईतलं लष्करी इंजिन, आठ मोठी चाकं, पुढे दोन लहान, मागे कोळशाचा डबा. आबेदाचे वडील अब्दुल रहीम चाचा आणि माझे बाबा, देवराव, दोघेही लढाईत बसऱ्याकडच्या लष्करी लाइनीवर होते. चाचा फिटर आणि बाबा ड्रायव्हर. बाबांनी असलंच इंजिन तीन वर्षं हाकलं. परत आल्यावर मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीवर नोकरी संपवली.

आता ते इंजिन समोर ठेवलं असतं तरी बाबांना दिसलं नसतं. उजवा डोळा मोतीबिंदूने गेलाच होता. डाव्याबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा अठरा मेला अकोल्याला शिबिर आहे. त्यात ऑपरेशन करून घ्या. पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊन काही उपयोग नाही."

बाबा चार वर्षं एकच उत्तर देत होते. "पाहू." दिसत नसलेल्या माणसाने दर वर्षी 'पाहू' म्हणायचं! का जायचं नाही ते मात्र सांगत नव्हते. यंदा त्यांनी त्या खोक्यावर बोटं फिरवली, बराच वेळ फिरवली, आणि म्हणाले, "जोडून दे. हात फिरवून पाह्यतो. मंग सांगतो, जाचं का नाई."

म्हणजे इंजिनावर डोळा अवलंबून! मी एक मेला कामाला लागले.

पहिली अडचण अशी की खोक्यातली गोंदाची नळी बोटीच्या प्रवासात वाळून दगड झाली होती. विज्ञान शिकलेल्या बाईला ही काय अडचण? सुट्टीत प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडेच असते. प्राणिशास्त्राच्या कपाटातून मी एक तपकिरी बाटली आणली. त्यातला द्रव कुंचल्याने लावला की प्लास्टिक विरघळतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. काचेच्या बशीत तो ओतून मी काम करायची. उन्हाळ्यामुळे बशी सारखी रिकामी व्हायची. मी सारखी भरायची.

अमरावतीची मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते : अकरा वाजता आम्ही दारं-खिडक्या लावून घेतो, वर ओलं कापड टांगतो, ते पाच वाजता उघडतो. मधल्या वेळात रस्त्यावर कुत्रंही नसतं. आई गेल्यापासून घरात बाबा, मी आणि एक मांजर. मी टेबलाशी स्टुलावर. पंखा बंद, कारण तुकडे उडतात. बाबा टेबलाखालच्या गार फरशीवर चटई टाकून पडलेले. त्यांच्या पायाशी मांजर.

तिसऱ्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी बाबा म्हणाले, "शकुन, इंजन चालून राह्यलं."

"बाबा, अजून बॉयलर बसवला नाही त्याचा!"

"मी कुठी म्हनतो बसवला? चालून राह्यलं. आईक. चार ठोके. मंधात जराक थांबते. चढावर आहे."

मी कुंचला खाली ठेवून ऐकलं. काहीही नाही. वेळापत्रक काढून पाहिलं. दोनच्या सुमारास गाडी नाही. मी वहीत नोंद केली : तापमान चव्वेचाळीस, वारा शून्य, आवाज शून्य.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनच्या सुमाराला! त्याच्या पुढच्या दिवशीही! मी पाच वाजता खिडक्या उघडल्या की आवाज बंद. सहा तारखेला बाबा हलक्या आवाजात कुणाशी तरी बोलत होते. "हो रे. हो. कोयसा टाक." माझ्या पाठीवरून कोणीतरी ओलं बोट फिरवल्यासारखं झालं. त्याच वेळी मांजर उठलं, दोन पावलं डावीकडे गेलं, एक उजवीकडे गेलं आणि धपकन आडवं झालं. डोळे उघडे. नजर थेट टेबलावरच्या इंजिनाकडे!

"बाबा, कोणाशी बोलून राह्यले?"

"नत्थूसंग."

"नत्थू कोण?"

"माह्या इंजनवरचा फायरमन. तिकडंच वारला."

आता हे कोण बोलत होतं ते ध्यानात घ्या. बाबांनी छप्पन्न सालीच नागपुरात दीक्षा घेतली होती, आणि आमच्या गल्लीत भूत-भानामतीच्या विरुद्ध दर महिन्याला भाषण ठोकणारे तेच! मी हळूच म्हटलं, "तुमी तर भुताले मानत नाही ना?"

"नाईच मानत," बाबा ठणकावून म्हणाले. "पन नत्थू काय भूत आहे काय? दोस्त आहे."

आठ तारखेला शेजारच्या लीलाबाई चाळणी मागायला आल्या आणि 'पाहू तरी, काय चालू आहे' म्हणून बाबांजवळ फरशीवर बसल्या. लीलाबाई म्हणजे सबंध गल्लीत सर्वांत खमकी बाई. पंधरा मिनिटांत त्यांची मान डुलायला लागली. मग त्या खुदकन हसल्या. मग रडल्या. मग एकदम खड्या आवाजात म्हणाल्या, "शकुनबाई, तुमचा वरवंटा मीच नेला वो! दोन वर्सं झाले! माह्या न्हानीत दगडाखाली हाये!"

आणि कपाळ फरशीला टेकवून घोरायला लागल्या.

वरवंटा खरंच तिथे निघाला! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की मास्तरणीच्या इंजिनापुढे बसलं की अंगात येतं आणि माणूस खरं बोलतो. दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला दारात चार बायका. एकीच्या हातात लिंबू, दुसरीच्या हातात हळदकुंकू. सुंदराबाईंना विचारायचं होतं की त्यांचा पोरगा मॅट्रिकला पास होईल का.

"हे प्लास्टिक आहे!" मी म्हणाले.

"असू द्या ना बाई. देव कशातबी राह्यते."

"या घरात देव चालत नाही!" बाबा चटईवरून गरजले. "आमी प्रतिज्ञा घेतल्या हायेत! लिंबू उचला!"

"तुमी घेतल्या भाऊजी," सुंदराबाई शांतपणे म्हणाल्या. "इंजनानं घेतल्या काय?"

मी त्यांना कशाबशा घालवल्या, एक लिंबू मात्र मागे राहिलंच. पण खरं सांगते, दार लावून वळल्यावर मला टेबलाकडे जायला दोन मिनिटं लागली. इंजिन आता अर्धं झालं होतं. काळं, बुटकं, आठ चाकांवर दबा धरून बसलेलं. बंद खोलीतला एकुलता कवडसा नेमका त्याच्या तोंडावर पडला होता.

बारा तारखेला बाबांनी निर्णय दिला नाही, पण त्याहून वाईट बोलले. "नत्थू म्हनते, जाऊ नको."

"कुठे?"

"अकोल्याले."

सहा दिवस उरले होते. डोळ्याचे सहा दिवस. मी रागावले, समजावलं, शेवटी रडलेही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना भिंत दिसत नव्हती, तरी भिंतीकडेच. मग मी मूर्तिजापूरला रहीम चाचांना पत्र टाकलं : या, तुमचं तरी ऐकतील.

पंधरा तारखेला, दुपारच्या दीडला, चाचा आले. पांढरी दाढी, हातात छत्री, घामाने निथळलेले. "काहून रे देवराव? पोरगीले काहून तरास देऊन राह्यला?" म्हणत ते बाबांशेजारी चटईवर बसले. पाणी प्याले. पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

त्यांनी हवेत नाक वर केलं. एकदा. दोनदा.

"देवराव," ते कुजबुजले, "ये बू..."

"तुले बी येते?" बाबा उठून बसले.

"तंबू की बू है ये."

"तेच तं! पंधरा दिवस झाले. नत्थू येते ना, तं हे घेऊन येते."

दोन म्हातारे एकमेकांचे हात धरून बसले. मी जोरात श्वास घेतला. मला काहीच वास येईना! पण माझ्या नाकाचं काय सांगायचं? सडक्या अंड्यांचा वायू तयार करायला मुलींच्या सहा तुकड्यांना शिकवून ते केव्हाच निवृत्त झालेलं. एका माणसाला भास होऊ शकतो. दोघांना एकच भास? वीस वर्षांनंतर, दोन हजार मैलांवर? एकशे एकेचाळिसावा तुकडा, म्हणजे धक्का झेलणारा पुढचा उजवा बफर, चिमट्यातून निसटून टेबलाखाली गेला.

मी फरशीवर पालथी पडून शोधायला लागले. गाल जमिनीला. टेबलाखाली अंधार. बफर नाही.

आणि मग मला ऐकू आलं.

चार ठोके. मध्ये जरासा थांबा. चार ठोके. लांबून, चढावरून, जड गाडी घेऊन काहीतरी येत होतं. टेबलाचे पाय लांबलांब झाले. बाबांची चटई मागे मागे जायला लागली. मला ओरडायचं होतं, पण जीभ दुसऱ्या कुणाची तरी होती. ठोके जवळ आले. माझ्या कानात आले. माझ्या छातीच्या ठोक्यांबरोबर चालायला लागले...

छातीच्या ठोक्यांबरोबर! ते तर माझेच ठोके होते! आणि नाकात, इतक्या खाली, निवृत्त नाकालासुद्धा कळेल असा एक दाट, गोड वास होता. कॉलेजातला पहिल्या वर्षाचा बेडूक चिरायचा तास!

मी रांगत खिडकीपाशी गेले आणि दोन्ही फळ्या ढकलल्या. भट्टीसारखा वारा आत आला. वहीची पानं उडाली, लिंबू गडगडलं, मांजर बाहेर पळालं.

"क्लोरोफॉर्म!" मी ओरडले.

त्या तपकिरी बाटलीवर हे नाव मोठ्या अक्षरांत होतं, माझ्याच अक्षरांत. त्याची वाफ हवेच्या चौपट जड. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते! टेबलावरून ती खाली उतरत होती, बंद खोलीत तळ्यासारखी साचत होती, आणि त्या तळ्यात मी पंधरा दिवस माझ्या बापाला झोपवत होते. भूत मीच आणलं होतं, शाळेच्या रजिस्टरवर सही करून! दोनच का वाजत, एवढंच माझ्या वहीत अजून कोरं आहे.

मी हे सगळं भडाभडा सांगून टाकलं. मला वाटलं, दोघं हसतील. चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काय नाव घेतलं तू?" बाबांनी विचारलं.

"क्लोरोफॉर्म. बेशुद्ध करायचं औषध."

"तेच," बाबा म्हणाले. "नत्थूचा पाय दोन डब्यायच्या मंधात सापडला होता. दवाखान्याच्या तंबूत नेलं. तो म्हने, देवराव, मी हे सुंघत नाई, मले भेव लागते. मी म्हनलं, सुंघ ना लेका, झोप लागते, उठशीन तवा चहा पिऊ. मीच म्हनलं. चहाचा मग घेऊन बाहीर बसलो. दोन वाजले होते. चहा थंडा झाला."

चाचांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मला आता कुठे चार वर्षांचा हिशेब लागत होता. "बाबा, म्हणून तुमी अकोल्याले..."

"मंग काय? डोयाच्या टायमालेबी तेच सुंघवतीन."

"नाही सुंघवत!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडून लीलाबाईंनी खिडकी उघडली. "मोतीबिंदूले क्लोरोफॉर्म देतच नाहीत! डोळ्यात थेंब टाकतात, बाजूले एक सुई देतात. माणूस जागा असते!"

"जागा?"

"पूर्ण जागा! डॉक्टर म्हणते, वर पाहा, खाली पाहा."

"चार साल!" चाचा उसळले. "अरे, एक बार पूछना था ना! घरात बी.एस्सी. पाळून ठेवली, अन् तू..."

"तिनं सांगतलं काय?"

"तुमी विचारलं काय?"

"तू आपल्या मनानं सांगाचं ना, मास्तरीन हायेस तं!"

बाबा चाचांच्या खांद्याला धरून उठले, टेबल चाचपत इंजिनापाशी आले आणि त्यांनी त्यावर बोटं फिरवली. चिमणी, बॉयलर, मग एकेक चाक, सावकाश, आठही.

"एक बफर नाई याले."

"सापडेल, बाबा."

"डॉक्टरसंग बोलता येते म्हनतं? ऑपरेशन चालू असतानी?"

"येते."

त्यांनी हात काढून घेतला आणि आपल्या डाव्या डोळ्यावर ठेवला.

"मंग जातो," बाबा म्हणाले. "अठरा तारखेले अकोल्याले जातो. रहीमले घेऊन जातो. तू घरीच राह्य शकुन, तुह्या भरोशावर मी जागा राहून परत येत नाई."