ओदिलची पात्रता

वेळ परमेश्वर सगळ्यांना सारखीच वाटतो. घड्याळं वाटण्याचं काम मात्र त्यानं जिनिव्हातल्या काही दुकानांवर सोपवलं आहे, आणि ती दुकानं हे काम त्याच्यापेक्षा पुष्कळ जबाबदारीनं करतात.

ल सांतिए गावच्या नुमा रोशाला याची कल्पना नव्हती. त्याच्याकडे चार गाई आणि एक चीजचं दुकान. आलेल्या गिऱ्हाइकाला ‘चीज कशाला हवं?’ असं त्यानं उभ्या जन्मात विचारलं नव्हतं (धंद्यात तो मागे राहिला तो यामुळंच). त्याची बायको ओदिल गावातल्याच ‘वोशाँ’ घड्याळांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं होती. केसाहून बारीक कमानी चिमट्यानं उचलायची, जागेवर बसवायची, मग श्वास सोडायचा. निवृत्तीच्या दिवशी संस्थेनं तिला मानपत्र आणि संस्थेची मुद्रा असलेली छत्री दिली. छत्री चांगली होती.

त्याच आठवड्यात भांडी विसळता विसळता ती म्हणाली, “एवढी घड्याळं केली, पण एकसुद्धा चार दिवस माझ्याजवळ राहिलं नाही बघ.”

एवढंच म्हणाली, पण नुमाच्या ते जिव्हारी लागलं. लग्नाकार्याचा कोट चढवून तो तिला जिनिव्हाला घेऊन गेला.

वोशाँच्या दुकानात घड्याळं पुष्कळ होती. प्रत्येकाखाली ‘केवळ दर्शनार्थ’ अशी पाटी होती. जिस्लँ नावाच्या विक्रेत्यानं (विक्री सोडून सगळी कामं त्याच्याकडे होती) दोघांना मऊ खुर्च्यांत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “साहेब, घड्याळ कशासाठी हवंय?”

“वेळ बघायला,” नुमा म्हणाला.

जिस्लँनं क्षणभर डोळे मिटले. कुणीतरी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात तो म्हणाला, “असं इथं कुणी बोलत नाही, साहेब.”

मग अर्ज आला. नियम अगदी सरळ होते. घड्याळ फक्त संस्थेच्या जुन्या स्नेह्यांना मिळे. जुना स्नेही म्हणजे ज्याच्याजवळ आधीच वोशाँचं घड्याळ आहे तो. ज्याच्याजवळ नाही, त्यानं स्नेह वाढवावा. त्यासाठी बाह्यांची चांदीची बटणं, पत्रं फोडायची सुरी आणि प्रवासात घड्याळ ठेवायची पेटी (घड्याळाविना) या वस्तू मुबलक होत्या. शंभर अर्जदारांपैकी नऊ जणांना घड्याळ मिळतं, चौतीस जणांना पत्र, आणि उरलेल्यांना आशा. आशेला किल्ली द्यावी लागत नाही.

“बाईसाहेब, तुम्हांला कदाचित माहीत नसेल,” जिस्लँ ओदिलकडे वळला, “पण या घड्याळाच्या पोटात एक कमानी असते. केसाहून बारीक!”

“हो का?” ओदिल म्हणाली.

त्यानं भिंतीवरच्या पडद्यावर चित्रफीत लावली. दोन हात, चिमटा, कमानी. उजव्या हाताची करंगळी जराशी वाकडी.

नुमा ताडकन उभा राहिला. “अहो, हे हात हिचे आहेत! ही करंगळी आमच्या गोठ्याच्या दारात चेमटली होती!”

जिस्लँनं समजुतीनं मान हलवली. “साहेब, हे संस्थेचे हात आहेत.”

ओदिलनं आपले हात कोटाच्या खिशात घातले. “चल नुमा, गाडी चुकेल.”

परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं नुमाला वाटलं, आणि तो हट्टाला पेटला.

त्यानं बटणं घेतली (कोपरापर्यंत दुधात बुडणाऱ्या माणसाच्या शर्टाला बाह्या नसतात; पण बटणं त्यासाठी नसतातच). सुरी घेतली. दर नाताळला जिस्लँला चीज पाठवलं. संस्थेनं त्याची नोंद ‘अनौपचारिक स्नेह’ या सदरात केली. दोन वर्षं चार महिन्यांनी पत्र आलं: ‘आपल्या आयुष्यात वोशाँला जागा असल्याचं आढळून आल्यानं आपली विनंती मान्य करण्यात येत आहे.’

घड्याळ आलं. ओदिलनं ते कानाशी धरलं. नुमा तिच्या तोंडाकडे बघत उभा.

“कसंय?”

“दिवसाला चार सेकंद मागं पडेल. कमानी घाईत बसवलीय कुणीतरी.”

“मग परत पाठवू?”

“वेडा आहेस का? दोन वर्षं चार महिने?”

तिनं टेबल पुसलं, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ उघडलं. नुमाला बघवेना, तो गोठ्यात जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा घड्याळ तिच्या मनगटावर होतं आणि ती स्वतःशीच गुणगुणत होती. लग्नानंतर तिला असं गुणगुणताना त्यानं फारसं ऐकलं नव्हतं.

वर्षभरानं सक्तीची तपासणी झाली. पाठोपाठ पत्र: ‘आपलं घड्याळ अनधिकृत व्यक्तीनं उघडल्यानं हमी रद्द करण्यात येत आहे. तथापि त्या व्यक्तीनं केलेलं काम आमच्या कारागिरांना जमत नसल्यानं, तिचं नाव कारवाईसाठी, आणि शक्य झाल्यास नेमणुकीसाठी, त्वरित कळवावं.’

“कळवू?” नुमानं विचारलं.

“नको,” ओदिल म्हणाली. “सकाळी चीज कोण उलटणार?” आणि घड्याळासकट हात चीज मुरत ठेवलेल्या मिठाच्या पाण्यात घालून ती कामाला लागली.

हकिगत एवढीच. तिच्यात ते घड्याळ कितीला पडलं, हे कुठंही आलेलं नाही. खानदानी वाचकांच्या ते ध्यानातही आलं नसेल. ज्यांच्या मनात मघापासून तेवढा एकच प्रश्न घोळतो आहे, त्यांनी जिनिव्हापर्यंत जाण्याची तसदी घेऊ नये. तिथला दार उघडणारा माणूस चेहरा बघूनच ओळखतो.