अप्पांच्या रागाची पाटी

आमच्या साहेबांच्या केबिनवर नावाची पाटी नव्हती, रागाची होती. लहान पोरांची असते तसली पाटी, सुतळीनं खिळ्याला टांगलेली. रोज सकाळी तिच्यावर खडूनं लिहिलेलं असायचं, 'राग कमी हाय' किंवा नुसतंच 'राग हाय'. आणि ज्या दिवशी 'राग लई हाय, आत येऊ न्हाई' असं असेल, त्या दिवशी आम्ही शिंकसुद्धा बाहेर जाऊन द्यायचो.

साहेब म्हणजे वैजनाथअप्पा. युसूफ वडगावच्या पुढं रस्त्याला लागून दूध गार करायचं एक केंद्र होतं, तिथले मॅनेजर. मी तिथं दुधाचा फॅट मोजायचो. सकाळी गावोगावचं दूध यायचं, मोठ्या टाकीत गार व्हायचं आणि दुपारच्या टँकरनं पुढं जायचं. काम एवढंच, पण अप्पांचा आवाज असा की नवा गवळी कॅन न उतरवताच गाडी वळवायचा. "अप्पा, चिडलाव का?" असं कुणी विचारलं की गरजायचे, "म्या शांत हाय! लई शांत हाय बे!"

शेवटी तक्रारी वर गेल्या आणि कंपनीनं त्यांना तीन दिवस संभाजीनगरला ट्रेनिंगला धाडलं. तिथल्या मॅडमनी म्हणे सांगितलं, आधी स्वतःचं मन ओळखा, मग ते आपल्या माणसांना कळू द्या. झालं! अप्पांनी येताना केजच्या बाजारातून पाटी आणि खडूचा डबाच आणला.

"मला मी वळखायलोय," छातीवर हात ठेवून ते सांगायचे. "तुमी बी वळखा सोताला."

खोटं कशाला बोलू, आमची सोयच झाली. रजेचा अर्ज 'कमी'च्या दिवशी, फुटलेल्या बाटलीची कबुलीही 'कमी'च्याच दिवशी. फक्त कॅन धुणाऱ्या सुनंदाबाईंना ती पाटी पटायची नाही. त्या म्हणायच्या, "ह्यांची पोरगी नोकरीला पुण्याला गेली, तवा बी राग. गुडघा दुखला तरी राग. ह्या माणसाला दुसरं काई होतच न्हाई का?"

आम्ही हसायचो.

मग तो मे महिन्यातला दिवस उजाडला. सकाळी सकाळीच टाकी गार करणारं मशीन घरघरलं आणि गप्प झालं. मिस्त्री बोलवायचा तर अप्पांना विचारल्याशिवाय बोलवता यायचा नाही. सुनंदाबाई म्हणाल्या, "जा, सांग जा." मी गेलो. दारावर टकटक करायला हात उचलला आणि पाटी वाचली. 'राग लई हाय, आत येऊ न्हाई.'

उचललेला हात मी डोक्यावरून फिरवला आणि माघारी आलो.

तासाभरानं परत गेलो, परत आलो. दुपारपर्यंत राग उतरेल, अशी मीच माझी समजूत घालत होतो. दुपारी टँकरवाल्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. सगळं दूध आंबलं होतं. पांढरा पाट मागच्या ओढ्याला गेला, तेव्हा कुठं अप्पा बाहेर आले.

"कावून सांगितलं न्हाईस बे?"

मी नुसतं पाटीकडं बोट केलं. अप्पांनी ती परक्याच्या अक्षरातली असल्यासारखी दोनदा वाचली आणि ते आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं हो!

कंपनीनं लेखी खुलासा मागवला, चूक कोणाची? आता माझी नोकरी जाणार, हे मी घरी बायकोला सांगूनही टाकलं होतं. चौथ्या दिवशी अप्पांनी मला बोलावलं. "तुझं अक्षर चांगलं हाय. घे लिहून."

मी मान खाली घालून पेन उघडलं. म्हटलं, काय न्याय आहे! आपली फाशी आपल्याच अक्षरात.

"लिही. चूक माझी हाय. मशीन बंद पडलं, तरी माझ्या माणसांना आत यायची हिंमत झाली न्हाई. दारावर पाटी म्याच लावलती."

माझं पेन थांबलं. "अप्पा..."

"लिही बे. म्या शांत हाय." या खेपेला ते खरंच शांत होते.

दारात सुनंदाबाई उभ्या होत्या, हातात ती पाटी घेऊन. त्यांनी सरळ विचारलं, "अप्पा, खरं सांगा. त्या दिवशी राग आलता का?"

अप्पा खिडकीकडं वळले. मग म्हणाले, "तिला जाऊन त्या दिवशी वर्स झालतं."

तिला म्हणजे त्यांच्या बायकोला. आम्हाला कुणालाच तारीख लक्षात नव्हती. वर्षभर आम्ही त्यांचा राग मोजत बसलो होतो. माणूस रिकाम्या घरातून येतो आणि रिकाम्या घरी जातो, हे कुणी मोजलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"मग तसं लिवायचं की," असं म्हणून सुनंदाबाईंनी पाटी पदरानं पुसून त्यांच्यापुढं ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्यावर पाटी होती. 'राग न्हाई. घरी करमत न्हाई. आत यावं.'

आम्ही होतो तेवढे सगळे आत शिरलो. अप्पा दचकून उठले. "सगळेच कावून आलाव बे? मशीनपाशी कोण हाय?"

"मशीन चालू हाय," सुनंदाबाई म्हणाल्या. "बघूनच आलोय."

केबिनमध्ये खुर्ची एकच होती, त्यांची. अप्पांनी आमच्याकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं आणि तरातरा बाहेर गेले. परत आले ते दोन्ही हातांत रिकामे कॅन घेऊन. एकेक उपडा घालत म्हणाले, "बसा की."