तळघरातली धार

"प्लंबर? कशाला? पाइप सगळे भिंतीवर उघडे पडलेत, शोधायलासुद्धा नकोत! जेवणाआधी नवा शॉवर बसवतो की नाही बघा!" चहाचा कप आपटत जावईबापूंनी डरकाळी फोडली.

सासरे मुक्कामाला आले होते. तळघरातली जुनी न्हाणी त्यांनी पाहिली. भिंतीवर आतड्यांसारखे लोंबणारे गंजके पाइप, आणि रडक्या पोरासारखा टिपं गाळणारा शॉवर! "धाकट्या जावयाने न्हाणीघर स्वतः बांधलं," एवढंच ते पुटपुटले. पण ते वाक्य जावईबापूंच्या काळजात खिळ्यासारखं रुतलं.

अडचण एकच होती. मुख्य नळ अंगणात, कुंपणापाशी. तळघरातून तिथवर हाक पोचायची नाही.

"तू नळापाशी उभी राहा," त्यांनी बायकोला समजावलं. "मी पाइपवर पान्हा वाजवीन. एक ठोका, बंद कर. दोन ठोके, सोड."

"आणि तीन वाजले तर?"

"तीन कशाला वाजवीन? मी काय बँडवाला आहे?"

ठण! बायकोने नळ बंद केला. जावईबापूंनी करवत चालवून जुना पाइप कापला आणि स्वतःवरच खूश होऊन शीळ घातली.

वरच्या मजल्यावर सासरे दाढी करत होते. गालभर फेस, आणि नळ एकाएकी कोरडा! हवा अडकली असेल, म्हणून त्यांनी ब्रशच्या दांड्याने नळाला दोन टोले हाणले. ठण! ठण!

"अगबाई, इतक्यात झालंसुद्धा!" बायकोने कौतुकाने नळ सोडला.

खाली कापलेल्या पाइपातून जी धार सुटली, तिने जावईबापूंना थेट बादलीत बसवलं! चाचपडत त्यांनी पान्हा उचलला आणि एक ठोका मारला. वरचा नळ अजून कोरडाच; सासऱ्यांना वाटलं, कोणीतरी विचारपूस करतंय. त्यांनीही सभ्यपणे एक ठोका परत दिला.

"दोन? सोडलाय की!" म्हणत बायकोने नळ आणखी पिळून पार मोकळा केला.

मग मात्र जावईबापू पाइपवर तुटून पडले. ठणठणठणठण!

"अहो, काय ते एकदा ठरवा!" असं ओरडत बायको तळघराकडे धावली. पाठोपाठ फेसाळलेले सासरे. खाली घोटाभर पाणी, त्यात चपला होड्यांसारख्या फिरताहेत, आणि जावईबापू दोन्ही तळहात पाइपच्या तोंडावर दाबून उभे. बोटांच्या फटींतून चहूकडे फवारे!

"बंद कर! नळ बंद कर!" ते किंचाळले.

बायको वळली. पण सासरे विजार दुमडून शांतपणे पाण्यात उतरले होते. त्यांनी फवाऱ्याखाली मान वाकवली.

"थांब गं, एवढ्यात नको! डावा गाल राहिलाय." मग त्यांनी एक डोळा किलकिला केला. "जावईबापू, जोर झकास आहे. हात तेवढा जरा वर धरा."

जावईबापूंनी मुकाट्याने हात वर सरकवला.