बिनमोटारीची गिरणी

टण्ण!

चहाचा चमचा ओट्यावरून खाली पडला. नुसता चमचा! परात नाही, पातेलं नाही. आणि तेवढ्यानं, थोपटून थोपटून हात दुखेपर्यंत झोपवलेली माझी निकी ताडकन उठून बसली!

"काय पडलं व आई?"

"चमचा," मी म्हटलं. माझी दुपारही त्याच्यासोबत पडली होती, पण ते चार वर्षांच्या पोरीला काय सांगायचं?

तुम्हाला वाटेल, पोरगी हलक्या झोपेची आहे. छे! ही पोरगी जन्मल्यापासून गिरणीच्या भिंतीला पाय लावून झोपलेली आहे. भिंतीपलीकडे माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, पिठाची गिरणी. ती सुरू झाली की आमच्या मांडणीवरचे ग्लास एकमेकांशी बडबडायला लागतात, आणि निकी मात्र दोन मिनिटांत गाढ! तेव्हा तिच्या उशाशी कोणी वरातीचा ढोल बडवला असता तरी तिनं कूस बदलली नसती.

पण गिरणीची मोटार जळली. शेलूबाजारला रिवाइंडिंगला टाकली. तिथला मिस्त्री कधीही विचारा, "परवा या" म्हणतो. त्याच्या पंचांगात दुसरा वारच नाही! आणि इकडे घर असं गप्प झालं, की पाल चुकचुकली तरी निकी जागी.

गिरणी थांबल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. मामाजींना ऐकू येत नाही! गिरणीत कोणालाच कोणाचं ऐकू येत नसतं, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. त्यामुळे इतकी वर्षं आम्हाला पत्ताच नव्हता. आता ते दिवसभर अंगणातल्या बाजेवर बसायचे आणि निकी मागून "आबा! आबा!" करत राहायची. तिचा आवाज म्हणजे चिमणीचा. आबा काही वळायचे नाहीत. मग ती समोर जाऊन त्यांची बंडी ओढायची.

तर, दुपारची ती झोप. झोप निकीची असते, पण जगते त्यात मी. डोकं धुणं, दोन पानं वाचणं, चार ओळी लिहिणं, सगळं त्यात. ती गेली म्हणजे माझ्याकडे उरलं काय? धुणं, भांडी आणि निकीचे प्रश्न! म्हणून मी ठरवलं. मोटार येवो न येवो, गिरणी मी सुरू करणार!

हसू नका. घरात सिंथ होता, म्हणजे सिंथेसायझर, विजेवरचं वाजवायचं यंत्र. निकीचे पप्पा, पवन, लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. त्यांनी अकोल्याहून जुना सिंथ आणला होता. त्यात तयार गाणी नाहीत, तयार ताल नाहीत, नुसत्या चकऱ्याच चकऱ्या. आपला आवाज आपणच घडवायचा. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याला जुन्या लुगड्याची खोळ शिवली होती.

मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. कानात एक तार, मांडीवर निकी. आणि खरं सांगते, गिरणीवाल्याची सून असल्यावर फिल्टर समजायला कितीसा वेळ लागतो? सिंथमधून एक सरसर आवाज निघतो. त्यात जाडंभरडं, बारीक, सगळं मिसळलेलं. फिल्टर म्हणजे चाळणी. कटऑफची चकरी म्हणजे त्या चाळणीची भोकं. फक्त ही चाळणी आमच्या पिठाच्या चाळणीच्या उलटी! चकरी डावीकडे नेली की बारीक, चिरका आवाज अडतो आणि जाडा, घुमणारा तेवढा खाली येतो.

समजलं म्हणजे जमलं असं नाही, हे मला नंतर समजलं.

मग एक दिवस पवन मोटार आणायला शेलूबाजारला गेले. मी खोळ काढली, सिंथ चालू केला. चाळणी सताड उघडी होती. खोलीत भज्यांचा घाणा कढईत सोडल्यासारखा आवाज झाला!

"सुनबाई, काय जळून राह्यलं व?" आत्याबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"काही नाही आत्याबाई! शिकून राह्यली मी!"

मग भलतंच बटण दाबलं. चाळणी उलटली. जाडा आवाज गायब, बारीक तेवढा उरला. हुबेहूब डास! निकीनं स्वतःच्या गालावर फाडकन चापट मारली आणि माझ्याकडे रागानं बघितलं.

मग रेझोनन्स. ही चकरी चाळणीच्या काठावर अडकलेला आवाज फुगवते. थोडीशी फिरवायची असते. मी 'थोडीशी'चा अर्थ माहेरच्या तिखटासारखा घेतला. जी काय शिट्टी निघाली! घाबरून बंद केली, परत चुकून लागली, परत बंद, परत लागली.

"झाल्या तीन!" आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

कुकरची एकही झाली नव्हती. वरण कच्चं.

पण मी मागे हटणारी नाही. कटऑफ खाली, आणखी खाली. भजी थांबली. नदी झाली, मग लांबून येणारा ट्रक झाला, आणि मग, अगं बाई, घुर्रर्र! रेझोनन्स चिमूटभर. शिवाय त्यात एक चकरी अशी असते, की ती दुसऱ्या चकरीला आपोआप हलवत राहते, जसा एखादा न दिसणारा हात. ती लावली, आणि पट्ट्याचा जोड चाकावरून जाताना जसा आवाज होतो तसा झाला. घुर्र-फट्, घुर्र-फट्.

निकी आली, बसली, ऐकलं. "पन भिंत हालत नाही," ती म्हणाली.

बरोबर आहे, भिंत हलायला पाहिजे! मी बँडचा मोठा बासचा डबा, म्हणजे जाड्या आवाजाचा स्पीकर, ढकलत ढकलत भिंतीला लावला, वायर खुपसली आणि आवाज वाढवला. मांडणीवरचे ग्लास बडबडायला लागले! निकीनं दोन्ही पाय भिंतीला लावले. पापण्या जड झाल्या. एक जांभई, आणि संपलं. झोपली माझी राणी! मी तिच्या केसांवरून हात फिरवला, वही घेतली आणि ऐटीत टेकून बसले. अशी ऐट मी लग्नाच्या फोटोतही केली नव्हती.

आता एक गोष्ट मी विसरले होते. आमच्या गावात सिंगल फेजवर टीव्ही चालतो, पंखा चालतो, सिंथ चालतो. गिरणी आणि विहिरीवरचे पंप चालत नाहीत. त्यांना थ्री फेज लागते. ती येते तेव्हा मोबाईलवर मेसेजही येतो म्हणे, पण मेसेजवर विश्वास कोणाचा? गावाचा विश्वास मामाजींच्या गिरणीवर. गिरणी घुमली म्हणजे लाईन आली! आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते.

आधी खिडकीतून शिवम दिसला, शेजारचा. अर्ध्या जेवणातून उठलेला, हात खरकटा, सायकलवर टांग. "लाईन आली रे! लाईन आली!" करत तो शेताकडे सुटला. त्याच्या मागे आणखी दोन मोटरसायकली.

मला वाटलं, खरंच आली असेल. बरं झालं, म्हटलं!

मग फोन वाजला. निकीचे पप्पा.

"राखी, घरी काय चालू हाये?"

"काही नाही. निकी झोपली."

"मले शिवमचा फोन आला. म्हने, मोटार बसवली अन् सांगतलं बी नाही! अन् मोटार तं इथं माह्यासमोर उघडी पडून हाये! तिचे तार बी अजून गुंडाळले नाहीत! मंग थे गिरणी कायच्यावर चालू हाये?"

मी हळूच सिंथकडे बघितलं. घुर्र-फट्.

"तुमी घरी या, मंग सांगतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

बाहेर डब्यांचे आवाज. डोकावून बघते तर गिरणीसमोर डब्यांची रांग! आमच्याकडे माणसं रांगेत उभी राहत नाहीत, डबे राहतात. डबा ठेवला की नंबर लागला. ज्वारीचे डबे, गव्हाचे डबे, धान्यानं टम्म भरलेली एक चुंगडी, आणि सगळ्यात पुढे रुखमाबाईंची निळी बादली.

"माह्या घरी पाहुने हायेत," रुखमाबाई सगळ्यांना सांगत होत्या. "पयला नंबर मीच लावला!"

आणि मग मी मामाजींना बघितलं.

ते बाजेवरून उठले होते. कोणी हाक मारली नव्हती, कोणी बंडी ओढली नव्हती. आपले आपण उठले होते! खुंटीवरची पिठाळलेली टोपी डोक्यावर चढली होती. डबे सरळ करत, हातानं "सबूर, सबूर" करत ते चालले होते, आणि चेहरा असा, की जणू घरात नवरदेव आला. आता यांना काय सांगू?

मामाजींनी शटर वर केलं.

आत गिरणी गप्प उभी. मोटारीच्या जागी चार रिकामे बोल्ट. पट्टा खुंटीला टांगलेला. आणि आवाज चालूच! घुर्र-फट्, घुर्र-फट्.

"अगं माय!" रुखमाबाईंनी बादली छातीशी धरली. "गिरनी बंद अन् आवाज चालू! काही लागलं व हिले!"

दोन बायका डबे सोडून मागे सरल्या. मामाजींनी गिरणीच्या चाकाला हात लावला. मग भिंतीला लावला. तेवढ्यात शेताकडून शिवम परत. घाम, धूळ, आणि शर्टाला वरणाचा डाग.

"लाईन कुठी हाये? पंप तं चालू नाही होऊन राह्यला!"

मी बाहेर आले. पदर सारखा केला. "माफ करा. थे मी आहे," म्हटलं.

सगळे मला खालून वरपर्यंत बघायला लागले. बाईतून असा आवाज येतो तरी कुठून!

मग सगळं सांगावं लागलं. सिंथ, चाळणी, चमचा, झोप. रुखमाबाई म्हणाल्या, "पोरीले झोपवाले साऱ्या गावाले उठवलं व तू!" शिवम म्हणाला, "वैनी, उद्या दुपारी वाजवसान तं आधी पोंगा फुकून गावाले सांगत जा." आत्याबाई कच्च्या वरणाचं पातेलं घेऊनच आल्या आणि त्यांनी ते पुराव्यासारखं सगळ्यांना दाखवलं. लोक इतके हसले, की मला शटरच्या मागे लपावंसं वाटलं.

फक्त मामाजी हसत नव्हते. ते माझ्या मागून घरात आले. बासच्या डब्यासमोर बसले, त्याच्यावर तळहात ठेवला. मी बंद करायला वाकले, तर त्यांनी हात हलवला.

"राहू दे चालू," ते म्हणाले. "आयकू येते मले."

मी चालू ठेवलं. बाहेर बायकांना चहा दिला. पाहुण्यांसाठी रुखमाबाईंना आमच्या पिंपातलं पीठ दिलं. गावात त्या दिवशी लाईन आली ती थेट संध्याकाळी, आणि पवन आले ते हात हलवत. "परवा," म्हणाले.

निकी उठली तेव्हा आबा भिंतीपाशी टेकून झोपले होते, टोपीसकट. "आबा!" तिनं हाक मारली. ते जागे झाले नाहीत. "आई, आबाले गिरनी आयकू येते, मी काहून नाही येत?"

हे मला सांगता येत होतं, मी शिकले होते ना! मी तिला मांडीवर घेतलं. सिंथवर तिच्या आवाजासारखी एक बारीक सुरावट वाजवली आणि कटऑफची चकरी हळूहळू डावीकडे नेली. सूर पुसट झाला, गोधडीखाली गेला, ऐकू येईनासा झाला. उरली नुसती घुमघुम. "इतकी वर्षं गिरणी चालवून आबांच्या कानातली चकरी अशी इकडे गेली," म्हटलं. "म्हणून त्यांना जाडाच आवाज येतो."

स्वतःवर इतकी खूश झाले मी!

निकी उतरली. आबांच्या मांडीवर चढली. त्यांचा एक कान नीट पाहिला, मग दुसरा. मग कानाच्या मागे पाहिलं. एक पाळी दोन बोटांत धरून हळूच उजवीकडे वळवली. आबा जागे झाले आणि खुदखुदून हसायला लागले.

"आबा?" ती कुजबुजली.

आबा नुसतेच हसत राहिले.

निकीनं वळून माझ्याकडे बघितलं.

"आई, हे चकरी परत फिरवाची असते तं कुठून फिरवतेत व?"